तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही असं बजावलंत, म्हणून नुसतं काका. आभार मात्र चारचौघांतच मानणार. आपल्या नेरूळच्या सोसायटीत गच्चीवरची टाकी भरून वाहायची थांबली, वॉचमनच्या केबिनमध्ये टाकीत पाणी किती ते सांगणारा हिरवा-पिवळा-लाल दिवा लागायला लागला, आणि कौतुक सगळे माझं करतायत. मी बी.कॉम. झालेली, तुर्भ्याला अकाउंट्स सांभाळणारी बाई. हे माझ्याकडून कोणी करून घेतलं ते लोकांना कळू दे.

तुमच्याकडे आले तेव्हा मी ढीगभर सेन्सरवालं किट मागवायच्या बेतात होते. तुम्ही म्हणालात, “एक बोर्ड, एक सेन्सर. बाकीचे डब्यात पडून राहतात.” टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे मोजमापाच्या यंत्रणा सांभाळण्याचं काम करत जन्म काढलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? लॅमिंग्टन रोडवरून रास्पबेरी पाय पिको आणला, म्हणजे प्रोग्रॅम घालून चालवायचा बोटाएवढा बोर्ड. २०२१ मध्ये तो बाजारात आला तेव्हा किंमत होती चार डॉलर. मला चारशेच्या आत मिळाला. “जळला तर एका वडापाव पार्टीचे पैसे गेले समज,” हे तुमचं वाक्य फार कामी आलं. महागडं काही असतं तर मी त्याला हात लावायलाही कचरले असते.

सोल्डरिंगची संध्याकाळ तर विसरणं शक्य नाही. पिना ब्रेडबोर्डमध्ये, म्हणजे भोकाभोकांच्या जोडणीच्या पाटीत, खोचून त्यावर पिको बसवलात, म्हणजे त्या वाकड्या होत नाहीत. पहिल्या दोन स्वतः केल्यात आणि आयर्न माझ्या हातात दिलंत. “टोक पिनला आणि पॅडला, म्हणजे बोर्डावरच्या तिच्या धातूच्या ठिपक्याला, एकदम टेकव. दोन्ही तापू देत. मग सोल्डरची तार त्यांना लाव, टोकाला चोपडू नकोस.” चाळीस पिना! शेवटच्या रांगेत प्रत्येक पिनेभोवती सोल्डर चकचकीत, निमुळतं चढलं होतं. तुम्ही भिंगातून बघून नुसतं “हं” म्हणालात. तुमच्याकडून “हं” म्हणजे पुष्कळ.

प्रोग्रॅमिंगचा मी घेतला होता तेवढा धसका घ्यायची गरजच नव्हती. बूटसेल बटण दाबून धरून यूएसबी लावली की पिको पेनड्राइव्ह म्हणून दिसतो. त्यात मायक्रोपायथॉन या छोट्या बोर्डांसाठीच्या भाषेची फाइल टाकायची आणि कॉम्प्युटरवर थॉनी हा प्रोग्रॅम लिहायचा एडिटर उघडून लिहायला बसायचं.

खरी मजा सेन्सरची. तो टाकीच्या वरून आवाज सोडतो. आवाजाची लहर पाण्यावर आपटून परत यायला किती मायक्रोसेकंद लागले ते मोजायचं, ५८ने भागायचं, की झाले सेंटीमीटर. पण सेन्सर पाच व्होल्टचा आणि पिकोच्या पिनांना ३.३च्या वर झेपत नाही. म्हणून व्होल्टेज कमी करायला तुम्ही एक आणि दोन किलोओमचे रेझिस्टर (विजेला अडवणारे छोटे भाग) पुढ्यात ठेवलेत. मधल्या जोडावर किती व्होल्ट येतील ते आधी कागदावर काढायला लावलंत, मग पाच व्होल्ट देऊन मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, धरायला. मीटरवर ३.३ आलं तेव्हा मार्चअखेरीला ताळेबंद पैशासकट जुळावा तसं झालं. सेन्सरची तार त्यानंतर.

एवढं शिकल्यावर मी जरा उडायला लागले. आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर आणि ४० अंशांना ३५५च्या आसपास, म्हणजे मे महिन्यात टाकीतलं माप चुकणार, तापमानाचाही सेन्सर लावू का? तुम्ही म्हणालात, “दोन मीटरला सहा-सात सेंटीमीटर. टाकी भरली का, एवढंच सांगायचंय ना?” पंप चालू असताना पाणी हलून आकडे उड्या मारायचे, तिथे मात्र तुम्ही सोडलं नाहीत: पाच मापं घे, चढत्या क्रमाने लाव, मधलं धर. वायफायचाही बेत मोडलात, कारण डक्टमध्ये लॅनची जुनी केबल पडून होती. तिच्यातल्याच तारांवर तिन्ही दिवे चालतात.

पंप आपोआप बंद करायचा माझा हट्ट तेवढा अजून आहे. २३० व्होल्टला मी हात लावणार नाही, हे कबूल. पंप चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरचं काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेऊ. तुम्ही पुण्याहून परत आलात की बोलू.

ब विंगलाही आता असेच दिवे हवेत. मी बनवून देणार नाही म्हटलं, कोणीतरी शेजारी बसून शिका. सेक्रेटरींची नववीतली मुलगी रविवारी येते. तुमचं मल्टिमीटर सध्या तिच्याकडे आहे.

आपली,
चौथ्या मजल्यावरची