आईचं बीपी उभं करून कुणी मोजलंच नाही

मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार. माझी आई गेल्या महिन्यात वृद्धाश्रमात पडली. पहाटे लघवीला म्हणून पलंगावरून उठली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खुब्याचं हाड मोडलं. आश्रमाची वही मी पाहिली. दर आठवड्याला बीपी १३०/८० च्या आसपास, म्हणजे उत्तम. सगळे आकडे खुर्चीत बसवून घेतलेले. उभं करून एकदाही नाही.

पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी मोजायचं, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला की सावध व्हायचं. यंत्र तेच, पट्टा तोच. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मोजलं तर आईचा वरचा आकडा १३४ वरून थेट ९८! मग लघवीची गोळी बंद केली, बीपीची कमी केली. हे ती पडायच्या आधी का नाही झालं?

आई एकटी नाही. अमेरिकेतल्या नर्सिंग होममधल्या वृद्धांची अशी मोजणी १९९७ साली प्रसिद्ध झाली; निम्म्याहून अधिक जणांचं बीपी कधी ना कधी असं उतरलेलं आढळलं. आपल्याकडे तर रात्री उठावं लागू नये म्हणून म्हातारी माणसं पाणीच पीत नाहीत, त्यानं ते आणखी उतरतं.

मी बिनपगारी रजेवर आहे. आई वॉकरला हात लावायला घाबरते, रात्रभर हाका मारते. नातेवाईक मलाच बोल लावतात. एका सरकारी कार्यालयात तक्रार दिली, आठ दिवसांत तपासणी करू म्हणाले. कुणी फिरकलं नाही. आता फोनही उचलत नाहीत.

आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या सांभाळासाठीच्या २००७ च्या कायद्यात जिल्ह्याला किमान एक, दीडशे निराधार वृद्धांसाठीचा वृद्धाश्रम लिहिलाय. वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं आणि मंजूर न होताच २०२४ मध्ये बारगळलं. आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्या मुलांना तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. तुम्ही सोडलंत तर कुणाला कैद?

प्रत्येक वृद्धाश्रमात दाखल होताना, औषध बदलल्यावर आणि पडल्यावर झोपवून व उभं करून बीपी मोजणं सक्तीचं करा. आदेश कधी काढता, ती तारीख कळवा.

वृद्धाश्रमात पडलेल्या एका आईची मुलगी,
नाशिक