महिला ग्रामसभा वहीत नको, अंगणवाडीच्या ओट्यावर भरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

15 ऑगस्टच्या ग्रामसभांच्या बातम्या आपल्या अंकात वाचल्या. कुठे वादावादी, कुठे कोरमअभावी सभा तहकूब. पण ग्रामसभेआधी जी महिलांची सभा घ्यावी लागते ती कुठे झाली, किती बायका आल्या, काय बोलल्या, याबद्दल एक ओळही दिसली नाही. आमच्या गावाची बातमी येण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे ती सभा वहीत झाली.

मी सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातली, निवृत्त अंगणवाडी सेविका. पोषण आहार, लसीकरण, वजनं या कामांमुळे गावातल्या प्रत्येक घराचा उंबरा ओलांडलेला आहे. कोणत्या वस्तीला पाणी किती वाजता येतं आणि कोणत्या घरातली पोर रात्रीच्या अंधारामुळे क्लासला जात नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे लिहिते आहे.

ऑगस्टात घेवड्याची खुरपणी चालू असते. बायका सकाळी आठला रानात जातात त्या दिवस मावळता परततात. यंदा ग्रामसभेच्या दोन दिवस आधी पंचायतीचा शिपाई मोटारसायकलवरून बांधावर आला, काखेत हजेरी वही. "मावशी, इथं सही करा, ग्रामसभेची." बायकांनी मातीचे हात पदराला पुसले आणि सह्या केल्या, दोघीतिघींनी अंगठे दिले. पानाचा वरचा भाग कोरा होता. तारीख नाही, ठिकाण नाही, विषय नाही. मी सही केली नाही, विषय काय आहेत ते विचारलं. तो म्हणाला, "मला काय म्हाईत, भाऊसाहेबांनी सांगितलंय." भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. त्या पोराचा काही दोष नाही. त्याला जे सांगतात ते तो करतो.

मग स्वातंत्र्यदिनी झेंडावंदन झालं, पोरांना खाऊ वाटला आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा सुरू झाली. कोरमला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी नव्हती. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला कोरमची अट नसते, त्यामुळे थोड्या वेळाने त्याच जागी तीच पंधरा-वीस माणसं पुन्हा बसली आणि गावाचा कारभार पुढे सरकला. त्यांत बाई एकही नाही. कशी असेल? ती त्या वेळी घरी वरण-भाताचा कुकर लावून रानात जायच्या गडबडीत होती.

यानं नेमकं काय बिघडतं ते सांगते. नव्या नळयोजनेची टाकी कुठे बांधायची, हा विषय आमच्या गावात अजेंड्यावर नव्हताच. तो सभेच्या शेवटी 'आयत्या वेळचे विषय' यात आला, सूचक-अनुमोदकांची नावं पडली आणि मंजूर झाला. टाकी खालच्या आळीजवळ बांधली, कारण तिथे जागा सहज मिळाली. वरच्या वस्तीला आता नळ आहेत, तोट्या आहेत, पाणी चढत नाही. काम चालू असताना त्या वस्तीतली एक म्हातारी मला म्हणाली होती, "बाई, हंडा घेऊन ह्यो चढ मी जन्मभर चढलीया. पाणी आपल्या पायानं वर येणार हाय व्हय?" हाच प्रश्न तिला सभेत विचारता आला असता तर बांधकामाआधी कुणीतरी लेव्हल तपासली असती. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटरचा आहे. गावच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या महिला असाव्यात, असंही त्याच योजनेत सांगितलं आहे. आमच्या समितीतल्या बायकांना आपण समितीत आहोत हे मी सांगितल्यावर कळलं.

आणि हे होऊ शकत नाही असं कुणी म्हणू नये, कारण आमच्याच गावात ते झालेलं आहे. काही वर्षांपूर्वी सरपंचपद महिलेसाठी राखीव होतं. निवडून आलेल्या सरपंचताई दहावी शिकलेल्या. त्यांनी 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधीची महिला सभा अंगणवाडीच्या ओट्यावर घेतली, संध्याकाळी, भाकरी-कालवण उरकल्यावर. संक्रांतीचे दिवस होते म्हणून तिथेच हळदीकुंकू ठेवलं. विधवा बायकांनाही मानानं बोलावलं आणि त्या आल्या, हे मला फार मोठं वाटलं. ओटा पुरला नाही, बायका पायरीवर आणि खाली अंगणात बसल्या. आधी कुणी बोलेना. सरपंचताईंनी भाषण केलं नाही, एकेका वस्तीचं नाव घेऊन नुसतं विचारलं, "तुमच्याकडं पाणी कधी येतं?" मग थांबवेना. कुणी म्हणालं अकराला येतं, तेव्हा घरात कोण असतं? ओढ्याच्या पुलावर दिवा नाही, एसटीतून उतरून येणाऱ्या पोरी घोळक्यानं थांबून राहतात, हे तिथे पहिल्यांदा उघड बोललं गेलं. रेशन दुकान आठवड्यातून कोणत्या वारी उघडं असतं याचा पत्ता कुणालाच नव्हता.

ग्रामसेवकांनी तिथेच बसून ठराव लिहिले आणि उठायच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी मुख्य ग्रामसभेत ते मांडले गेले. पाणी सकाळी सहाला सुटू लागलं. पुलावर दिवा लागला, आजही आहे. त्या ताईंची मुदत संपली आणि सभा पुन्हा वहीत गेली.

पंचायतीत महिलांना निम्म्या जागा मिळून आता बरीच वर्षं झाली, 2011चा तो कायदा. पण सदस्य महिलेला तिच्या मागे बसलेल्या बायकांचं म्हणणं माहीतच नसेल तर ती सभागृहात काय मांडणार? हिवरे बाजारला पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिकं ठरवतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखात सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय घेत नाहीत. आमच्या गावाला एवढी मजल एकदम मारता येणार नाही. पण सभेची वेळ बदलायला कुणाची मंजुरी लागत नाही आणि एक पैसाही लागत नाही.

2 ऑक्टोबरची ग्रामसभा जवळ आली आहे. गटविकास अधिकाऱ्यांना माझी आपल्या पत्रामार्फत विनंती आहे, की प्रत्येक गावाकडून महिला सभेच्या वेळेचा आणि जागेचा खुलासा आधी मागवावा, आणि सभेला विस्तार अधिकाऱ्यांनी आगाऊ न कळवता एकदोन गावांत स्वतः जाऊन बसावं. नोटीस फलकाबरोबर देवळाच्या भोंग्यावरून आणि बचत गटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विषय वाचून सांगावेत. टाकी, रस्ता, गायरान असे खर्चाचे विषय आयत्या वेळी घेऊ नयेत. हजेरीची सही सभेच्या जागेवरच घ्यावी, बांधावर नव्हे. बचत गटातल्या आम्ही काही जणींनी याच मागण्यांचा अर्ज पंचायतीत दिला आहे आणि त्याची पोच घेतली आहे. वरच्या वस्तीचा पाण्याचा विषय त्यात पहिला आहे.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
जि. सातारा
(नाव व गाव कृपया छापू नये.)