आधी ऐक, मग बघ

आदरणीय सर,

काल मी पहिल्यांदा उजव्या, म्हणजे प्रशिक्षकाच्या, सीटवर बसले. डावीकडे माझा विद्यार्थी. त्यानं व्हीओआरची, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनची, फ्रिक्वेन्सी लावली, हवी ती दिशा निवडणारा ओबीएसचा नॉब फिरवला, सुई मध्यावर आली आणि त्यानं समाधानानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं, "आधी ऐक, मग बघ." इंजिनाच्या आवाजातही मला ते तुमच्याच आवाजात ऐकू आलं. तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुमच्या हाताखाली शिकलेल्या कितीतरी जणांना हेच म्हणायचं असेल.

माझी अडचण तुम्हाला आठवत असेल. विमान वळवलं तरी व्हीओआरची सुई जागची का हलत नाही, हे मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही मला विमानात बसूच दिलं नाहीत. हँगरच्या फरशीवर खडूनं मोठं वर्तुळ काढलंत, मधोमध तेलाचा रिकामा डबा ठेवलात आणि दर ३० अंशांवर एकेक रेघ ओढलीत. डबा म्हणजे स्टेशन आणि त्याच्यापासून निघणारी प्रत्येक रेघ म्हणजे एक रेडियल, उत्तरेपासून मोजलेल्या अंशांची. मला पूर्वेच्या रेघेवर उभं केलंत.

"कुठल्या रेडियलवर आहेस?"

"०९०."

"उत्तरेकडे तोंड कर. आता?"

"०९०च."

"पाठ फिरव. आता?"

उत्तर द्यायची गरजच उरली नव्हती. विमानाचं नाक कुठे आहे हे त्या सुईला ठाऊकच नसतं. आपण कुठे आहोत आणि ओबीएसवर कोणती दिशा लावली आहे, एवढ्यावरच तिचं उत्तर ठरतं. स्टेशन दोन संकेत पाठवतं, एक सगळ्या दिशांना सारखा आणि दुसरा सेकंदाला ३० वेळा गोल फिरणारा. चुंबकीय उत्तरेला दोघांचा ताल जुळतो, पूर्वेला त्यांच्यात ९० अंशांचा फरक पडतो, दक्षिणेला १८०. रिसीव्हर तो फरक मोजतो. हे मी आधी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, पण कळलं ते त्या फरशीवर.

मग तुम्ही मला मुद्दाम चुकायला लावलंत. ओबीएसवर ०९० आहे, 'फ्रॉम' (लावलेली दिशा स्टेशनपासून लांब नेते, ही खूण; स्टेशनकडे नेत असेल तर 'टू') दिसतंय असं समजायचं आणि पश्चिमेला, डब्याकडे चालायचं. मी रेघेच्या थोडी उत्तरेला होते. सुई उजवीकडे, म्हणून मी उजवीकडे सरकले आणि रेघेपासून आणखी लांब गेले. तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त खडूच्या रेघेकडे बोट दाखवलंत. त्या दिवसानंतर स्टेशनकडे जाताना 'टू' आणि स्टेशनपासून लांब जाताना 'फ्रॉम' दिसल्याशिवाय मी सुईच्या मागे गेलेले नाही.

पण तुमचे सगळ्यात मोठे आभार मानायचे आहेत ते कानासाठी. १०८ ते ११७.९५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एक आकडा चुकला तर दुसरंच स्टेशन लागू शकतं आणि सुई त्याच्यासाठीही तितक्याच ठामपणे उभी राहते. म्हणून प्रत्येक वेळी आयडेंट, म्हणजे स्टेशनची ओळख सांगणारा आवाज, उघडायचा, मोर्सची अक्षरं ऐकायची, नकाशावरच्या ठिपक्या-रेघांशी ताडून बघायची आणि मगच ओबीएसला हात लावायचा. रोज दिसणाऱ्या स्टेशनसाठीसुद्धा. तेव्हा मला हा निव्वळ तुमचा हट्ट वाटायचा.

एकटीनं केलेल्या लांबच्या उड्डाणात एकदा खाली दाट धुरकं होतं, जमिनीवरच्या खुणा पुसट झाल्या होत्या. पुढचं स्टेशन लावलं. 'टू' आलं, सुई अगदी मध्यावर, संकेत भरवशाचा नसल्याचं सांगणारा धोक्याचा फ्लॅग नाही. सवयीनं आयडेंट उघडला, तर शांतता. व्हॉल्यूम पाहिला, ऑडिओ पॅनेलचं बटण पाहिलं, हेडसेटची पिन दाबून पाहिली. शांतताच. खरं सांगते, त्या सुईवर विश्वास ठेवायचा मला मोह झाला, कारण ती मला हवं तेच सांगत होती. तो मोह आवरला तो फक्त तुमच्यामुळे. मागचं स्टेशन पुन्हा लावलं, त्याची तिन्ही अक्षरं स्पष्ट ऐकली. स्टेशनपासूनचं अंतर मोजणारा डीएमई ४० सागरी मैल दाखवत होता आणि रेडियल ठरलेल्यापेक्षा ६ अंशांनी वेगळी होती. तुमच्या एकास साठच्या हिशोबानं (६० मैलांवर १ अंश म्हणजे १ मैल) मी मार्गापासून ४ मैल बाजूला होते, आणि मुकी सुई मी बरोबर मार्गावर असल्याचं सांगत होती.

ते स्टेशन देखभालीसाठी काढलेलं होतं. देखभाल चालू असताना ओळखीची अक्षरं बंद ठेवतात किंवा त्यांच्या जागी 'टेस्ट'चा मोर्स लावतात, हे तुम्हीच सांगितलं होतं. नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचनापत्रात, ती सूचना होती. मी ती नीट वाचली नव्हती. हे तुम्हाला तेव्हा सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून आज सांगतेय.

एडीएफबद्दल, म्हणजे बीकन नावाच्या रेडिओ स्टेशनकडे सुई वळवणाऱ्या उपकरणाबद्दल, तर तुम्ही आणखी कडक होतात, आणि ते का, हे मला खूप उशिरा कळलं. बहुतेक एडीएफमध्ये फ्लॅगच नसतो. बीकन बंद पडलं तरी सुई आहे तिथेच थांबू शकते, जवळ वीज कडाडत असेल तर त्या ढगाकडे वळू शकते. म्हणून बीकनच्या आयडेंटचा आवाज बारीक करून का होईना, शेवटपर्यंत कानात ठेवायचा. मी अजून ठेवते. आता समोर उपग्रहावर चालणारा रंगीत नकाशा असतो, तरी बाजूला एक व्हीओआर लावलेला असतो आणि त्याचा आयडेंट ऐकलेला असतो.

कालच्या मुलानंही मला तोच प्रश्न विचारला, विमान वळवलं तर सुई का नाही हलली? मी त्याला उत्तर दिलं नाही. परवा सकाळी हँगरमध्ये ये म्हटलं. खडू आणून ठेवलाय, डबाही मिळालाय. तुम्हाला जमलं तर या, सर. पूर्वेच्या रेघेवर त्याला तुम्हीच उभं करा.

तुमची विद्यार्थिनी