पांढरा डाग म्हणजे कोडच, असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तान्ह्या बाळाच्या अंगावर फिकट डाग दिसला की घरात कोड, जंत आणि कॅल्शियमची चर्चा सुरू होते. विदर्भात चौथी शंकाही येते, दबक्या आवाजात, कुष्ठरोगाची. असे डाग ट्युबरस स्क्लेरोसिसचीही खूण असू शकतात, तो मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसतो. साधारण ६००० जन्मांमागे एका बाळाला होणारा हा जनुकीय आजार मेंदू, हृदय, मूत्रपिंडांत गाठी करतो. "आमच्या घराण्यात कुणालाच नाही" हे सांगून उपयोग नाही. सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत जनुकाचा बिघाड नव्यानेच झालेला असतो.

तेल लावण्याआधी बाळाला खिडकीच्या उजेडात उघडे करून पोट, पाठ, कुल्ले, मांड्या पाहाव्यात. किमान ५ मिमीचे, म्हणजे पेन्सिलीच्या जाडीहून किंचित लहान, असे तीन किंवा अधिक डाग असले तर दाखवायलाच हवे. एखाददुसरा निरोगी बाळातही सापडतो. गोऱ्या बाळाचे डाग नुसत्या डोळ्यांना हुकतात; तिथे वुड्स लॅम्प, म्हणजे डॉक्टरांकडचा अतिनील किरणांचा दिवा, लागतो. खोली पूर्ण अंधारी हवी आणि तेल-पावडर पुसलेली, नाहीतर तीच चमकून फसवते. त्या प्रकाशात कोड खडूसारखा लख्ख दिसतो, हा डाग मळकट पांढराच राहतो. कुष्ठाच्या चट्ट्यावर स्पर्श कमी कळतो, इथे नीट कळतो. नाका-गालांवरच्या लालसर पुटकुळ्यांची वाट पाहू नये, त्या बहुधा काही वर्षांनी उगवतात आणि मुरूम म्हणून खपून जातात.

घाई आहे ती या आजारात येणाऱ्या फिटसाठी. तिसऱ्या ते आठव्या महिन्यात, बहुधा झोपेतून उठताच, बाळ मान खाली टाकून हात फेकते. काही सेकंदांनी पुन्हा, मग पुन्हा. घरचे म्हणतात दचकते, पोटात मुरडा आहे. ग्राइप वॉटरमध्ये दिवस जातात आणि बुद्धीची वाढ खुंटते. मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवावा. वर्णनापेक्षा तो खूप सांगतो. निदान झालेल्या बाळाचा ईईजी (मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख) फिट येण्याआधीपासूनच करत राहावा, हृदयाची टू-डी इको करावी. या झटक्यांवर व्हिगाबॅट्रिन हे पहिल्या पसंतीचे औषध. त्याने दृष्टीचा परीघ आकसू शकतो, म्हणून डोळ्यांची तपासणीही ठरलेली.

हे डाग बहुतेकदा जन्मतः किंवा पहिल्या काही महिन्यांत दिसतात. आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतातच. त्यांच्या कागदावर 'फिकट डाग किती?' एवढा रकाना वाढवावा, आणि उत्तर तीन वा जास्त आले की बाळाला नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा एम्स रुग्णालयाच्या बालरोग विभागात पाठवावे.

– काही बालरोग व त्वचारोग डॉक्टर, नागपूर