आधी चट्ट्याचा आकार बघ, मग ट्यूब लाव

सातारा

प्रिय दिगंबर,

स.न.वि.वि.

आण्णांची बायपास नीट पार पडली, टाके कोरडे आहेत, आणि आता अंगावर चट्टे उठलेत म्हणून घर हबकलंय. मोठ्या ऑपरेशननंतर कातडीच्या तक्रारी निघतातच. डिस्चार्जच्या गडबडीत त्या कुणी सांगत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष हृदयाकडे. फोनवर सांगितलेलं निम्मं विसरशील, म्हणून लिहून पाठवतोय.

काहीही लावण्याआधी चट्टा कुठे आहे आणि कुठल्या आकाराचा आहे, ते दिवसाउजेडी बघ. निम्मं कोडं तिथंच सुटतं.

कडा सरळ, चौकोनी, जिथं चिकटपट्टी होती नेमक्या तेवढ्याच जागेत लाली आणि खाज असेल, तर दोष पट्टीच्या डिंकाचा. पट्टीच्या कडेला एखादा मोठा टम्म फोड असेल आणि खाज नसेल, तर पट्टी ताणून लावली होती असं समज. खालची कातडी सुजते, पट्टी काही वाढत नाही, मग वरचा पापुद्रा सुटतो. तो फोड फोडू नको. पुढची पट्टी न ताणता, शक्यतो कागदी चिकटपट्टीने लावायला सांग.

पट्टी काढायची रीत लक्षात ठेव, कारण खरी नासधूस तिथंच होते. एक कोपरा उचल. दुसऱ्या हाताच्या बोटाने सुटलेल्या जागेलगतची कातडी दाबून धर. मग पट्टी स्वतःवरच दुमडत, कातडीला समांतर, केस वळलेत त्या दिशेने सावकाश ओढ. सरळ वर उपटलीस तर म्हाताऱ्या माणसाची पातळ कातडी तिच्याबरोबर सोलून येते. फारच चिकटली असेल तर कडेला खोबरेल तेलाचे दोन थेंब सोड, पण जखमेपासून लांब.

माकडहाडावर किंवा टाचेवर लाली दिसली तर बोटाने काही सेकंद दाबून सोड. पांढरं होऊन परत लाल झालं तर ठीक. लाल ते लालच राहिलं तर बेडसोरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात. आण्णांच्या सावळ्या रंगावर लाली चटकन कळणार नाही. जागा गरम, कडक किंवा दुखरी लागते का ते हाताने बघ. तिथं चोळायचं अजिबात नाही, आतलं नाजूक झालेलं मांस आणखी फाटतं. हवेची गोल रिंगही नको, तिच्या काठाचा दाब पडतो. पलंगावर दर दोन तासांनी अंग हलवायचं. ऑपरेशनसाठी कापलेलं छातीचं हाड जुळेपर्यंत पूर्ण कुशीवर झोपायला मनाई असेल, तर पाठीमागे एका बाजूला उशी सरकवून थोडं कलतं ठेव. पोटरीखाली उशी घाल, टाच अधांतरी राहिली पाहिजे.

जांघेत, काखेत किंवा छातीला आधार म्हणून बांधलेल्या पट्ट्याखाली ओलसर लाल चट्टा आणि भोवती सुटे बारीक ठिपके असतील, तर बहुतेक बुरशी. घाम, अँटिबायोटिक आणि आण्णांची साखर, तिन्ही तिच्या पथ्यावर पडतात. पट्ट्याखाली सुती बनियन घाला, रोज बदला, अंग टिपून कोरडं करा. डॉक्टरांना दाखवून बुरशीवरची साधी क्लोट्रिमॅझोलची ट्यूब दिवसातून दोनदा. मेडिकलवाला ‘सगळ्यावर चालते’ म्हणून देतो त्या मिश्र ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आतल्या आत पसरते.

पोट-पाठीवर दोन्ही बाजूंना सारखं, गोवरासारखं पुरळ आलं तर औषधाचा संशय घे. नवीन औषध सुरू झाल्यावर साधारण 4 ते 14 दिवसांत ते उठतं. कुठली गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली याची यादी घेऊन डॉक्टरांना गाठ, पण रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नको. तोंडात किंवा डोळ्यांत फोड, कातडी दुखणं किंवा सोलणं, ओठ सुजणं, दम लागणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल.

बायपाससाठी पायातून शीर काढली त्या जागेवर लाली असेल तर तिच्या कडेने पेनाने रेघ मार. लाली रेघेबाहेर गेली, ताप आला किंवा पू दिसला, की त्याच दिवशी दाखव. घोट्याच्या आतल्या बाजूला बधिरपणा मात्र पुष्कळांना राहतो, त्याने घाबरू नको.

आता हळद! सांगलीच्या माणसाला जखमेवर हळद लावू नको म्हणायचं म्हणजे धाडसच. 2018 साली तुमच्या हळदीला जीआय (भौगोलिक) मानांकनसुद्धा मिळालंय. पण डब्यातली पूड निर्जंतुक नसते, आणि पिवळ्या रंगाखाली लाली किती पसरली तेच दिसत नाही. शेजारच्या काकूंना सांग, भाजीत घाला. निओमायसिन या अँटिबायोटिकचं मलम किंवा पावडरही न विचारता लावू नको, काहींना त्याचीच ॲलर्जी येते.

दोन-तीन महिन्यांनी कदाचित आण्णांचे केस पुंजक्यांनी गळू लागतील आणि नखांवर आडवी खाच दिसेल. दोन्ही ऑपरेशनच्या ताणामुळे. नख महिन्याला जेमतेम 3 मिलिमीटर वाढतं, त्यामुळे खाच पुढे सरकून कापली जायला सहाएक महिने जातील. केसही तोवर यायला लागतात. त्यासाठी महागडं तेल घेऊ नको.

चट्ट्यांचे फोटो पाठव, खिडकीपाशी काढलेले, एक लांबून आणि एक जवळून. आण्णांना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत