शिरस्तेदाराच्या पसंतीचा वकील

बाल्टिमोर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, अमेरिकेच्या जुन्या वकिलांपैकी कोणाविषयी वाचावे, असे तुम्ही विचारले होते. कोर्टात शिरस्तेदारी केलेल्या तुमच्यासारख्या माणसाला विल्यम वर्ट आवडेल, असे मला वाटते. 1772 मध्ये मेरीलँडमधील ब्लेडन्सबर्ग येथे जन्मलेला हा मुलगा लहानपणीच पोरका झाला आणि पुढे व्हर्जिनियात वकिली करू लागला. 1807 मध्ये माजी उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा तो सरकारी वकिलांपैकी एक होता. बर सुटला, वर्टच्या वक्तृत्वाचा मात्र बोलबाला झाला.

1817 मध्ये राष्ट्राध्यक्ष मन्रो यांनी त्याला ॲटर्नी जनरल नेमले. ते पद त्याने 11 वर्षांहून अधिक काळ सांभाळले, आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही. रुजू झाल्यावर त्याला आढळले, की आधीच्या आठ जणांनी सरकारला दिलेल्या कायदेशीर मतांचे दफ्तरच ठेवलेले नाही. मागे काय सांगितले हे माहीत नसताना पुढचे मत सुसंगत कसे द्यायचे? म्हणून आपल्या प्रत्येक मताची नक्कल वहीत उतरवून ठेवण्याची पद्धत त्याने घातली. भाषणांपेक्षा मला हेच काम मोठे वाटते, आणि तुम्हीही तेच म्हणाल.

आई, तुला त्याचा उत्तरकाळ अधिक भावेल. पद सोडल्यावर तो इथे बाल्टिमोरला आला आणि चेरोकी या अमेरिकेच्या मूळ रहिवासी लोकांची जमीन व सत्ता हिरावू पाहणाऱ्या जॉर्जिया राज्याविरुद्ध त्यांच्या बाजूने उभा राहिला. चेरोकींच्या प्रदेशात राज्याच्या परवान्याविना राहिल्याबद्दल तुरुंगात टाकलेल्या सॅम्युएल वुस्टर या मिशनऱ्याचा खटला त्याने 1832 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला, तरी जॉर्जियाने निकालाला भीक घातली नाही.

मात्र हाच माणूस घरी गुलाम बाळगत होता, आणि व्हर्जिनियातील स्वतंत्र कृष्णवर्णीय हे अमेरिकेचे नागरिक नसल्यामुळे त्यांना व्यापारी जहाजाचे कप्तान होता येणार नाही, असे मत त्याने 1821 मध्ये दिले होते. तेही दफ्तरात राहिले. वर्ट 1834 मध्ये वारला. 1862 मध्ये जहाजाच्या कप्तानाचा तोच प्रश्न ॲटर्नी जनरल एडवर्ड बेट्स यांच्यापुढे आला, तेव्हा त्यांनी जन्माने अमेरिकन असलेला स्वतंत्र कृष्णवर्णीय हा नागरिकच आहे, असे लेखी उत्तर दिले.

तुमची,
ताई