शनिवारच्या अभ्याससत्राविषयी सूचना

चित्रपट अभ्यास गटातील सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, येत्या शनिवारी चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शित ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटाचे दृश्यविश्लेषण करावयाचे असल्याने प्रत्येकाने तो आधी पूर्ण पाहून यावे.

न्यायालयातील प्रसंगांत कॅमेरा बहुतांशी स्थिर असतो, चौकट रुंद असते आणि वकिलांइतकीच मागच्या बाकांवर ताटकळणारी माणसेही दिसत राहतात. त्यामुळे निवडलेला प्रसंग एकदा आवाज बंद ठेवून पाहावा, एकदा नुसता ऐकावा आणि प्रत्येक शॉट किती सेकंद टिकतो व नेमका कोठे कापला जातो, याची नोंद करावी. लाँग शॉट आणि लाँग टेक यांची गल्लत करू नये; पहिल्याचा संबंध कॅमेऱ्यापासूनच्या अंतराशी आहे, दुसऱ्याचा न कापता चालणाऱ्या शॉटच्या कालावधीशी.

शेवटाकडे दालन रिकामे होऊन दिवे मालवले जातात, पडदा काळोखात बुडतो आणि चित्रपट संपला असे वाटत असतानाच तो पुढे सुरू होतो. या जागेवर सविस्तर चर्चा व्हावी, अशी मनापासून इच्छा आहे.

कथानकाचा सारांश नको. एक पानाचे टिपण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत गटावर पाठवावे.